दोनशे पौंडांचा अर्ज

मागच्या एप्रिलमध्ये मी एक फॉर्म भरत होतो. परदेशातल्या एका विद्यापीठाचा कायद्याचा उन्हाळी वर्ग होता, चार आठवड्यांचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर एका टेबलातून दुसऱ्या टेबलात हलवण्यात माझा दिवस जातो. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आला, तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये वकील बोलत होते आणि मला निम्मंच कळत होतं. आपण रोज ज्याला हात लावतो त्याचा कायदा आपल्याला कळू नये, हे काही बरं वाटलं नाही. म्हणून हा वर्ग. फी माझ्या जवळजवळ तीन पगारांएवढी आणि डोक्यावर घराचा हप्ता. म्हणून मग ‘आर्थिक मदतीसाठी अर्ज’ या लिंकवर बोट.

फॉर्ममध्ये दोन ठिकाणी अडलो. एक, मदतीची गरज का आहे ते तीनशे शब्दांत लिहा. दोन, तुमच्या आजवरच्या शिक्षणात कुटुंबाचा आर्थिक वाटा किती, ती रक्कम लिहा. पहिला रकाना रिकामा ठेवला. दुसऱ्यात शून्य टाकलं. बाबा ज्या छापखान्यात होते तो मी अकरावीत असताना बंद पडला, माझं इंजिनिअरिंग कर्जावर झालं आणि ते कर्ज मी फेडलं. म्हणजे घरच्यांचा वाटा शून्य. हिशोब बरोबर वाटला.

तीनशे शब्दांसाठी नमुना शोधताना मला एक जुनं पत्र आठवलं. ते लंडनहून सप्टेंबर १९२१ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांना लिहिलेलं आहे. लिहिणारा विद्यार्थी तिशीचा. बॅरिस्टर होण्यासाठी आणि परतीच्या प्रवासासाठी पैसे कमी पडतायत, दोनशे पौंड उसने द्याल का, भारतात परतल्यावर व्याजासकट फेडीन, असा त्याचा मतलब. पत्राखाली सही भीमराव आंबेडकरांची.

कायद्याच्या शिक्षणासाठी केलेला आर्थिक मदतीचा अर्जच तो. फक्त त्याला फॉर्म नव्हता, रकाने नव्हते आणि शेवटची तारीख त्यांना वेगळ्या प्रकारे ठाऊक होती. मी लालबागला राहतो. ज्या चाळीतून हा माणूस लंडनला गेला ती परळची बीआयटी चाळ माझ्या घरापासून चालत वीसेक मिनिटांवर आहे. मग मी त्या पत्राच्या मागे मागे गेलो. हे शिक्षण नेमकं कोणाच्या पैशांवर झालं, एवढाच प्रश्न होता.

बहिणींचे दागिने

आंबेडकर कुटुंब मुंबईत आलं ते आधी लोअर परळच्या डबक चाळीत. एकच खोली. त्यातच स्वयंपाक, सामान, माणसं. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील सुभेदार रामजी यांनी एक पाळी लावली होती. भीमराव लवकर झोपायचा, वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवून स्वतः आडवे व्हायचे. जागा एकच, म्हणून ती वेळेत वाटून घ्यायची. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये पाळीप्रमाणे झोपणारी माणसं पुढेही कितीतरी वर्षं होती. इथे मात्र पाळी पुस्तकासाठी होती.

मुलाला पुस्तकं लागत आणि सुभेदारांच्या पेन्शनमध्ये ती बसत नसत. मग ते मुंबईतच दिलेल्या लेकींकडे जात. पैसे असले तर लेक देई, नसले तर अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडायचा, पुस्तक घरात यायचं आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून लेकीला परत. ही हकीकत आंबेडकरांच्या चरित्रांतून आलेली आहे आणि ती बहुधा वडिलांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण दागिना वडिलांचा नव्हता. या सगळ्या शिक्षणाला पहिलं तारण मिळालं ते मंजुळा आणि तुळसा या बहिणींकडून. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मी तरी कुठे पाहिलेली नाही.

चर्नी रोडची बाग

दुसरी मदत गिरगावातून आली आणि ती पैशांची नव्हती. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचत बसलेला असे. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. कोण रे तू, काय वाचतोस, अशी ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्क्यांच्या हिशोबात हे कोणाला कमी वाटतील, पण त्या समाजातून मॅट्रिक होणं हीच इतकी मोठी गोष्ट होती की अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. दादरच्या एस. के. बोले रोडवरून आपण पोर्तुगीज चर्चकडे जातो, तेच हे बोले. केळुसकरांनी त्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं.

पुढे इंटरनंतर पैसे संपले तेव्हा केळुसकर या मुलाला घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ ची बी.ए.ची परीक्षा पार पडली. आजच्या भाषेत केळुसकरांनी दिलं ते ‘रेकमेंडेशन’. असा एक माणूस ओळखीचा नसेल तर उरलेले दरवाजे कुठे आहेत हेसुद्धा कळत नाही. लिंक सगळ्यांसाठी खुली असते, पण ती आपल्यालाही आहे असं सांगणारं कोणी लागतं.

साडेअकरा पौंड आणि दहा वर्षं

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार गेले. त्याच वर्षी सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवणार होते आणि आंबेडकर त्यात निवडले गेले. कोलंबिया विद्यापीठ, तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही झाली. शिक्षण पुरं झालं की दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. आपण ज्याला बाँड म्हणतो तोच.

त्या साडेअकरा पौंडांतून न्यूयॉर्कमध्ये जगायचं होतं आणि परळलाही पैसे पाठवायचे होते. १९१५ मध्ये एम.ए., पुढच्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध आणि मग लंडन. १९१६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी दोन ठिकाणी नाव घातलं, अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये.

इथे थोडं थांबू. ‘इन’ म्हणजे विद्यापीठ नव्हे. ती वकिलांची शेकडो वर्षं जुनी संस्था. तिथे परीक्षा तर असतातच, पण त्यासोबत ‘टर्म’ भराव्या लागतात आणि टर्म भरणं म्हणजे इनच्या सभागृहात ठरलेल्या संख्येने जेवणं जेवणं. वर्षाला चार टर्म, एकूण बारा. जेवणाचे पैसे वेगळे, प्रवेशाची फी वेगळी, शेवटी बॅरिस्टर म्हणून नाव पुकारलं जातं त्याची फी आणखी वेगळी. श्रीमंत घरातल्या मुलाला हा शिष्टाचार वाटेल. परळच्या खोलीतून आलेल्याला प्रत्येक जेवण हा खर्चाचा एक आकडा होता.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. म्हणजे ऑक्टोबर १९२१ पर्यंत. ही त्यांची शेवटची तारीख. पुस्तकं दुसऱ्या जहाजाने पाठवली होती, त्या जहाजाला पहिल्या महायुद्धातल्या पाणबुडीने बुडवलं. माणूस ऑगस्टमध्ये मुंबईला पोचला, पुस्तकं नाही.

बाँडप्रमाणे ते बडोद्याला गेले. पुढचं आपल्यातल्या अनेकांनी शाळेत वाचलेलं असतं. शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे आणि राहायला कुठे जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि सामानासकट बाहेर पडावं लागलं. संस्थानने त्यांना शिकवायला पैसे दिले होते, पण शिकून आलेल्या माणसाला झोपायला खोली देणं संस्थानला जमलं नाही. दहा वर्षांचा करार काही दिवसांत मोडला. पैसे परत करा म्हणून संस्थानचा तगादा मात्र पुढे कित्येक वर्षं मागे राहिला.

मला वाटतं, बॅरिस्टरी पुरी करणं का गरजेचं होतं याचं उत्तर त्या धर्मशाळेच्या पायऱ्यांवर आहे. नोकरीत वरचा माणूस कितीही चांगला असला तरी शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचं जगणं अशक्य करू शकतो. वकिलाला साहेब नसतो. पण ही शिष्यवृत्ती दिली गेली होती संस्थानच्या कामी येणारा माणूस घडवण्यासाठी. कोणाच्याच कामाला बांधलेला नसलेला माणूस घडवायला पैसे कोण देणार?

पोयबावडीचा हिशोब

परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळी उभ्या आहेत. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी जी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली तिने बांधलेल्या. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या आंबेडकर कुटुंबाकडे होत्या. १९१२ ते १९३४, बावीस वर्षं. एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत पुस्तकं आणि भेटायला येणारी माणसं. मी गेलो तेव्हा गॅलरीत कपडे वाळत होते आणि खाली पोरं क्रिकेट खेळत होती. उन्हाळ्याची सुट्टी होती. लालबागच्या आमच्या चाळीपेक्षा काही वेगळं दिसलं नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकरांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती सोडली. म्हणजे साधारण सतरा महिने. एकही रुपया खर्च केला नसता तरी साडेसात हजारांच्या आसपास जमले असते आणि खर्च न करता तर कोणी राहत नाही. त्या काळात अशा पगाराचा माणूस चाळ सोडून बंगलीत जायचा. आंबेडकर तिथेच राहिले. ठरलेली रक्कम रमाबाईंच्या हातात द्यायची, तेवढ्यात घर चालवायचं आणि उरलेलं लंडनसाठी बाजूला.

शाहू महाराजांशी संबंध याच दिवसांतला. महाराज स्वतः परळच्या चाळीत भेटायला आले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघालं, त्याला महाराजांची अडीच हजारांची मदत होती. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. जुलैमध्ये आंबेडकर बोटीत बसले, तेव्हा खिशात तीन प्रकारचा पैसा होता: स्वतःची बचत, महाराजांची थोडी मदत आणि नवल भथेना नावाच्या मित्राने दिलेलं पाच हजारांचं कर्ज.

भथेना कोलंबियातले सोबती, न्यूयॉर्कच्या वसतिगृहात एकत्र राहिलेले. ते पारशी होते. बडोद्याच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन हाकलणारा जमाव पारशी होता आणि तारण न घेता पाच हजार देणारा मित्रही पारशी होता. आंबेडकरांची भथेनांना लिहिलेली पत्रं छापली गेली आहेत. त्यांत पैशांसाठी पुन्हा पुन्हा त्रास द्यावा लागतो याची खंत आहे. ज्याने मित्राकडे दुसऱ्यांदा उसने मागितलेत त्याला ती लगेच ओळखू येते.

रुपयाचा प्रश्न

आता त्या दोनशे पौंडांकडे येऊ. बचत होती, कर्ज होतं, काटकसर होती. मग कमी का पडले?

उत्तर विनिमयाच्या दरात आहे. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवायचा प्रयत्न केला, तो फसला आणि १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास येऊन पडला. पौंडात वीस शिलिंग. दोन शिलिंगांच्या दराने एका पौंडाला दहा रुपये पडायचे, सव्वा शिलिंगाच्या दराने सोळा. म्हणजे परळमध्ये मोजलेले पाच हजार रुपये एका दराने पाचशे पौंड होतात आणि दुसऱ्या दराने सव्वातीनशेही नाही. माणूस तोच, काटकसर तीच, आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा हवेत गेला. डॉलरमध्ये फी भरणाऱ्या आजच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

याच वेळी आंबेडकर लंडन विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होते. त्याचं नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. रुपयाचा दर कसा ठरतो, कोण ठरवतं आणि तो डळमळला की झळ कोणाला बसते, हा त्याचा विषय. दिवसा ग्रंथालयात रुपयाची घसरण अभ्यासायची आणि संध्याकाळी १०, किंग हेन्रीज रोडवरच्या खोलीत बसून त्याच घसरणीमुळे उसने मागणारं पत्र लिहायचं. त्या पत्रात त्यांनी कारण म्हणून विनिमय दर दिला आहे. वाचताना आपल्याला ती सबब वाटू शकते. जगात मोजक्याच माणसांना त्या वेळी या विषयातलं जेवढं कळत होतं, तेवढं त्या पत्रलेखकाला कळत होतं.

पत्राचा सूरही मला महत्त्वाचा वाटतो. त्यात आपल्या गरिबीचं वर्णन नाही, जातीमुळे सोसलेल्याची यादी नाही. त्रास देतो आहे याबद्दल खेद, नेमकी रक्कम, नेमकं कारण आणि परतफेडीचा शब्द. देणारा राजा होता आणि त्याला सगळं माहीत होतं, म्हणून असेल. पण मला वाटतं, उसने मागणारा आणि दान मागणारा यातला फरक त्यांना राखायचा होता. हल्लीच्या फॉर्ममधले तीनशे शब्द आपल्याकडून नेमकं उलटं मागतात. तुमचं दुःख सांगा, आम्ही त्याला गुण देऊ.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. मुंबईतच, गिरगावात खेतवाडीच्या ‘पन्हाळा लॉज’मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २८ जून १९२२ रोजी, ग्रेज इनच्या उन्हाळी टर्ममध्ये भीमराव आंबेडकरांचं नाव बॅरिस्टर म्हणून पुकारलं गेलं. ज्याला पत्र लिहिलं होतं त्याला ते कळवता आलं नाही.

टोपली

एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा बॅरिस्टर होते, पण हायकोर्टात वकिली करायला सनद लागते आणि सनदेला फी. ते पैसे नव्हते. पुन्हा भथेनाच धावले. वकिली सुरू झाली, पण हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून येतं आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देणारे सॉलिसिटर कुठून आणणार? मग बाटलीबॉयंच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं, मिळतील ते खटले आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा. सभेचं पहिलं मोठं काम वसतिगृहाचं होतं. १९२५ च्या जानेवारीत ते सोलापुरात सुरू झालं. स्वतःचं कर्ज फिटलं नव्हतं आणि हा माणूस दुसऱ्यांच्या मुलांच्या राहण्याची सोय करत होता.

आता राहिल्या रमाबाई. पती अमेरिकेत, मग लंडनमध्ये, मग परत लंडनमध्ये, एवढी वर्षं पोयबावडीच्या खोलीत घर त्यांनी चालवलं. पाच मुलांपैकी चार गेली. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’ चालवताना पैशांची ओढाताण झाली तेव्हा आंबेडकरांनी समाजावरच्या ऋणाविषयी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी आपल्या पत्नीचा उल्लेख केला. आपण परदेशात असताना संसाराचा भार तिने एकटीने वाहिला आणि आपण परतल्यावरही डोक्यावरून शेणाची टोपली वाहायला ती कचरली नाही, असं त्यांनी छापील जाहीर केलं. बॅरिस्टराची बायको शेण गोळा करते हे लपवण्याची रीत होती. त्यांनी ते वर्तमानपत्रात जमाखर्चात मांडलं.

ते वाचताना मी थांबलो, कारण तोपर्यंत माझ्याकडे एक यादी तयार झाली होती. सयाजीरावांचे साडेअकरा पौंड, शाहूंचे अडीच हजार, भथेनांचे पाच हजार, सिडनहॅमचे साडेचारशे. नीट टेबल होतं, बेरीज होत होती. टोपलीला त्यात रकाना नव्हता. बहिणींच्या दागिन्यांनाही नव्हता. दागिना तर परत मिळायचा, म्हणजे हिशोबात तो शून्यच.

रमाबाई २७ मे १९३५ रोजी दादरच्या हिंदू कॉलनीत, नव्या ‘राजगृहा’त गेल्या. चाळ सोडून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यानंतर काही दिवसांत, जूनमध्ये, आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

सकाळचे वर्ग

मदत घेणाऱ्या माणसाच्या हातात मदत देण्याची सत्ता आली की तो काय करतो? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आंबेडकरांनी लिनलिथगोंना एक लांब निवेदन दिलं. अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारने दरवर्षी ठरावीक रक्कम ठेवावी, अशी त्यात मागणी होती. १९४४ पासून पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर ओटीपीची वाट बघत बसणारी लाखो मुलं त्याच योजनेच्या रांगेत आहेत. परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांसाठी राज्य सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. १९२१ मध्ये जी गोष्ट एका राजाच्या मर्जीवर होती ती आता नियमांत बसते. नियमांतल्या रांगा, उशिरा येणारे पैसे, अडलेले अर्ज या सगळ्यासकट बसते. तरीही उद्या महाराज नसले तर काय, हा प्रश्न उरलेला नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती मला त्याहून शहाणपणाची वाटते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज आणि तिथले वर्ग सकाळचे. नोकरी करणाऱ्याने पहाटे उठावं, वर्ग करावेत आणि मग कामावर जावं. १९५६ मध्ये फोर्टात सिद्धार्थ लॉ कॉलेजही आलं. गरीब मुलाला फक्त फी नसते असं नाही. शिकण्याच्या तासांत तो घरात जे आणू शकला असता ते गमावतो आणि ती तूट घरातलं कोणीतरी भरतं. सकाळचा वर्ग म्हणजे त्या घरातल्या माणसाला दिलेली मदत. डबक चाळीत दोन वाजता उठून अभ्यास केलेल्या आणि मागे टोपली राहिलेली पाहिलेल्या माणसालाच हे सुचलं असेल.

शून्य

चाळीतून परत आलो त्या रात्री मी ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, सध्या डोंबिवलीला असते. मी इंजिनिअरिंगला असताना ती परळला एका अकाउंटंटकडे काम करत होती. विचारलं, माझ्या कॉलेजच्या वेळी तू घरात किती द्यायचीस?

“आज काय अचानक हिशोब?” ती म्हणाली. मग एक क्षणही न थांबता तिने सांगितलं. पहिल्या दोन वर्षांची हॉस्टेलची फी, तीन हप्त्यांत एक्केचाळीस हजार. बँकेच्या कर्जात हॉस्टेल बसत नव्हतं. मला ते माहीत होतं. मी ते कधी ‘कुटुंबाचा वाटा’ म्हणून मोजलं नव्हतं, कारण कोणी मागितलेच नव्हते.

“आणि तू लॉचा फॉर्म आणला होतास ना तेव्हा?”

“आणला होता. बी.कॉम. झाल्यावर. त्याचं काय?”

मी फॉर्ममध्ये शून्याच्या जागी एक्केचाळीस हजारांचे डॉलर करून टाकले. दर बघितला तेव्हा हसू आलं, तो आकडा फारच लहान दिसत होता. तीनशे शब्दांत मी माझं दुःख लिहिलं नाही. किती कमी पडतात, का कमी पडतात आणि शिकून काय करीन एवढं लिहिलं. सत्तर-ऐंशी शब्दांत संपलं.

उत्तर मे अखेरीस आलं. यंदा मदत देता येत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज करा. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, कर ना मग पुढच्या उन्हाळ्यात. थोड्या वेळाने तिचाच मेसेज आला.

“लॉ कॉलेजचे सकाळचे वर्ग असतात का रे अजून?”